वजीर गेल्यानंतरचे दोन महिने

पुलगावच्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. तिथे गणित शिकवणारे एक सर होते, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. एकटेच राहत. मधल्या सुट्टीत बाकीचे मास्तर पान लावत, गिरणीच्या भोंग्यावर आपापली घड्याळं जुळवत, तेव्हा हे खिडकीजवळच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडून बसत. कोणाला बोलावत नसत. नुसत्या सोंगट्या मांडत आणि समोरची खुर्ची रिकामी ठेवत. पहिल्याच महिन्यात मी त्या खुर्चीवर बसलो आणि पुढची दोन वर्षं बसत राहिलो.

मला खेळ येत होता असं मला वाटायचं. सरांसमोर बसल्यावर ते वाटणं गेलं. सुट्टी संपल्याची घंटा होण्याआधी मी एकदा तरी हरलेलो असायचो, आणि तेही मात होईपर्यंत नव्हे. सरांचा एक नियम होता. मोठी सोंगटी गेली आणि बदल्यात तोलाचं काही मिळालं नाही, तर डाव सोडायचा. आपला राजा आपल्याच हातानं आडवा करायचा.

सुरुवातीला मला ते जड जायचं. एकदा माझा हत्ती गेला तरी मी खेळत राहिलो. सर पुढची खेळी करेनात. हात मांडीवर ठेवून बसले.

“सर, तुमची खेळी आहे,” मी म्हणालो.

“माही खेळी झाली,” ते म्हणाले. एरवी शाळेत छापील मराठी बोलणारे सर पटावर बसले की आपल्या बोलीत शिरत. “आता तुम्ही खेळून नाई राह्यले, मास्तर. मी कवा चुकतो याची वाट पाहून राह्यले. तो वेगळा धंदा हाये.”

मी राजा आडवा केला. त्यानंतर हत्ती गेला की मी आपणहून हात जोडत असे, आणि सर लगेच सोंगट्या नव्यानं मांडत.

दोन वर्षं होत आली तेव्हा, पावसाळा संपताना, एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली. शिपायानं चहा आणला होता, पितळी पेल्यातून. माझा पेला मी धोतराच्या सोग्यात धरला तरी चटके बसत होते. सरांनी आपला पेला उघड्या हातात घेतला, आणि पटाकडे बघत बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यांच्या दोन बोटांची कातडी पांढरी झालेली मला दिसली. मी “सर!” म्हणून ओरडलो. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बोटांकडे. पेला हळूच खाली ठेवला आणि सदऱ्याची बाही मनगटावर ओढून घेतली. ते उन्हाळ्यातसुद्धा लांब बाहीचा सदरा घालत, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सर आले नाहीत. हेडमास्तरांनी ‘घरगुती कारण’ एवढंच सांगितलं. पण आठ दिवसांनी शिपायानं सरांची खुर्ची उचलून शाळेच्या मागच्या आवारात नेली, तिच्यावर पट ठेवला, सोंगट्यांची पिशवी ठेवली, आणि रॉकेल ओतून पेटवून दिली. आम्ही सगळे मास्तर वऱ्हांड्यात उभे राहून बघत होतो. माझ्या हातात हजेरीपुस्तक होतं. खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर मी दोन वर्षं बसलो होतो, तिचं काय, असा विचार माझ्या मनात आला. शिपाई परत आला आणि तीही खुर्ची घेऊन गेला. कोणी महारोग हा शब्द उच्चारला नाही.

त्यानंतर वर्ष गेलं. माझं लग्न झालं. आई, बायको आणि मी असे तिघं गिरणीच्या अलीकडे एका भाड्याच्या घरात राहू लागलो. पुढच्या दिवाळीनंतर, कापसाच्या गाड्यांची रांग सरकी काढायच्या जिनिंगपर्यंत लागायची त्या दिवसांत, एक पोस्टकार्ड आलं. अक्षर ओळखीचं होतं, पण वळण बदललेलं. वेलांट्या कापत होत्या.

“पांढऱ्या सोंगट्या मी घेतल्या आहेत. राजापुढचे प्यादे दोन घरे. आपली खेळी सवडीने कळवावी.”

खाली वर्ध्याच्या बाहेर असलेल्या महारोग्यांच्या वसाहतीचा पत्ता होता. बाकी एक अक्षर नाही. कसे आहात नाही, मी कसा आहे नाही.

पोस्टमननं पत्ता वाचला होता आणि दारातच आईला सांगितला होता. मी शाळेतून आलो तेव्हा आई ते कार्ड चिमट्यात धरून चुलीच्या धुरावर शेकत होती.

“तुले समजत नाई का?” ती म्हणाली. “पोटुशी पोरगी हाये घरात. असे कार्डं काऊन येऊन राह्यले आपल्या इथं?”

“कार्डानं काही होत नाही, आई.”

“तुले कोणं सांगितलं?”

मला कोणीच सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मलाही खात्री नव्हती. कार्ड धुरानं पिवळं झालं होतं. ते मी कोनाड्यात ठेवलं आणि आठ दिवस त्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी मी पोस्टात जाऊन कोरं कार्ड आणलं आणि लिहिलं: “राजापुढचे प्यादे दोन घरे.” पोस्टमास्तरांना सांगितलं की माझी पत्रं यापुढे घरी धाडू नका, मी येऊन घेऊन जाईन.

असा आमचा डाव सुरू झाला. कार्ड जायला एक-दोन दिवस, यायला एक-दोन दिवस. आठवड्याला एखादी खेळी व्हायची, कधी दोन. मी वर्ध्याहून नवा पट आणि सोंगट्या आणल्या आणि माझ्या पेटीवर मांडून ठेवल्या. वर फडकं टाकलेलं असे. पुढे पुढे सर खेळीखाली एखादी ओळ जास्त लिहू लागले. “येथील शेतात यंदा तूर चांगली आहे.” “येथे काही मुले आहेत, त्यांना त्रैराशिक शिकवतो.” एकदा: “नवीन गोळ्या सुरू केल्या आहेत. डॉक्टर आशा दाखवतात.” मीही लिहू लागलो. शाळेतलं, गिरणीतल्या संपाच्या अफवांचं, दारूगोळ्याच्या डेपोसाठी येणाऱ्या लांबलचक मालगाड्यांचं. खुर्चीचं मात्र कधी लिहिलं नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी आईला माझ्या कोटाच्या खिशात सरांचं कार्ड सापडलं. ती ओरडली नाही, रडली, आणि ते जास्त वाईट होतं. म्हणाली, “माह्या डोळ्यांदेखत या घरात काई झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?” मी न जेवता शाळेत गेलो. मास्तरांच्या खोलीत बसून, पट समोर नसताना, नुसत्या आठवणीवर मी उत्तराची खेळी लिहिली आणि शाळेच्या फाटकाजवळच्या टपालपेटीत टाकून वर्गात शिरलो.

फळ्यावर चौकोन काढून क्षेत्रफळ शिकवत होतो. चौकोनाचे आडवे-उभे भाग पाडले आणि माझा हात थांबला. सरांचा घोडा कुठे होता ते मला एकदम दिसलं. मी वजीर जिथे नेला होता तिथे घोड्याच्या एका उडीत माझा राजा आणि वजीर, दोन्ही सापडत होते. मधल्या सुट्टीत मी पेटीकडे जवळजवळ पळत गेलो. टपाल निघून स्टेशनवर पोचलं होतं.

चौथ्या दिवशी सरांचं उत्तर आलं. “घोड्याने शह. वजीर जातो. ही खेळी आपण पट न पाहता लिहिली असावी असे वाटते. परत घ्यावयाची असल्यास घ्यावी, माझी हरकत नाही.”

हे वाचून मी पोस्टाच्या पायरीवरच बसलो. शाळेत सरांनी मला एकही खेळी कधी परत घेऊ दिली नव्हती. बोट लागलेली सोंगटी खेळायची म्हणजे खेळायची. मी लिहिलं, “लिहिलेली खेळी लिहिली. राजा कोपऱ्यात.” मग त्यांनी वजीर मारला, मी तो घोडा मारला. वजिराच्या बदल्यात एक घोडा. पट बघायला नको असा झाला होता.

आता डाव सोडायला हवा होता. नियम त्यांचाच होता आणि मी तो दोन वर्षं पाळला होता. मी कार्ड घेतलं, पत्ता लिहिला, आणि ‘डाव सोडला’ एवढे दोन शब्द लिहायला दौतीत टाक बुडवला. ते माझ्यानं लिहवलं नाही. डाव संपला की कार्डं संपली, असं मी धरून चाललो होतो. ती वसाहत कशी आहे ते मी पाहिलं नव्हतं, पण तिथे संध्याकाळी पटासमोर बसलेले सर मला दिसत, आणि ते कार्ड हातात घेऊन वाचताना दिसत. मी टाक पुसला. दुसऱ्या कार्डावर लिहिलं, “हत्ती एक घर डावीकडे.”

पुढचे दोन महिने मी असाच खेळलो. हत्ती एक घर डावीकडे, मग एक घर उजवीकडे. राजा पुढे, राजा मागे. मी जिंकायचा प्रयत्न करत नव्हतो, मात टाळायचाही करत नव्हतो. कार्डाचा मजकूर मात्र लांबत होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं लिहिलं, पळस फुलल्याचं लिहिलं. सरांची कार्डं आखूड होत गेली. तुरीची, मुलांची, गोळ्यांची ओळ बंद झाली. खेळी आणि सही. मग सहीसुद्धा नाही.

होळीच्या सुमारास हे कार्ड आलं:

“आपला वजीर जाऊन दोन महिने झाले. शाळेत असताना हत्ती गेला तरी आपण राजा आडवा करीत होता. आता का करीत नाही ते कळावे. उत्तर येईपर्यंत मी खेळी पाठवणार नाही.”

मी चार दिवस उत्तर लिहीत होतो. एकदा लिहिलं की डावात अजून दम आहे. ते खोटं होतं. एकदा लिहिलं, क्षमस्व, डाव सोडला. ते खरं होतं, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. बायको निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. तिला या खेळातलं काही कळत नसे, पण मी फाडलेली कार्डं ती मोजत असावी.

“काय विचारलं त्यायनं?” ती म्हणाली.

“डाव का सोडत नाही, म्हणून.”

“मंग काऊन नाई सोडत?”

“सोडला तर त्यांना कार्ड कोण पाठवणार?”

ती थोडा वेळ तांदळातले खडे बाजूला करत राहिली. “त्यायले हे समजलं असंन,” ती म्हणाली. “म्हणून तर विचारलं. पत्रात नाई लिहिता येत तुमाले, तर जाऊन सांगा.”

“आईला काय सांगू?”

“मी सांगतो आईले. तुमी रविवारी जा.”

आमच्याकडे बायकाही ‘सांगतो’ म्हणत. तिनं आईला काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. रविवारी सकाळी मी निघालो तेव्हा आई मागच्या दारी पाठ करून बसली होती, आणि न्हाणीत माझ्यासाठी पाण्याचा हंडा भरून ठेवलेला होता. आल्यावर आंघोळ करूनच घरात यायचं, असा त्याचा अर्थ.

पॅसेंजरनं वर्ध्याला उतरलो. टांगेवाल्याला वसाहतीचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, “फाट्यापर्यंत नेतो. पुढं नाई.” फाट्यावर उतरून चालू लागलो. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ठेवलेली शेतं होती. ऊन तापायला लागलं होतं. कशाची भीती वाटत होती ते नेमकं सांगता येणार नाही. रोगाची होतीच. पण सरांचा चेहरा कसा झाला असेल, आणि तो बघून माझा चेहरा कसा होईल, याची जास्त होती.

वसाहत मला वाटली होती तशी नव्हती. सारवलेलं अंगण, विहीर, भाजीचे वाफे, एका पडवीत चालणारे माग. वाफ्यात काम करणाऱ्या एका माणसानं मान वर करून कोण पाहिजे ते विचारलं आणि हातानं एका वऱ्हांड्याकडे दाखवलं.

सर तिथे बाकावर बसले होते. भुवया गेल्या होत्या. कानाच्या पाळ्या जाड झाल्या होत्या. डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती. पण डोळे तेच, आणि सदरा तसाच, लांब बाहीचा, स्वच्छ धुतलेला. मला बघून ते उठले नाहीत. समोर एक स्टूल होतं, ते त्यांनी पायानं थोडं मागे सरकवलं, म्हणजे माझ्यात आणि त्यांच्यात अंतर पडेल असं.

“बसा, मास्तर,” ते म्हणाले.

मी बसलो. बाकावर पट होता आणि त्यावर आमचा डाव मांडलेला होता, जसाच्या तसा. सोंगट्या कडूलिंबाच्या लाकडाच्या, मोठाल्या, मानेशी जाड. तिथल्याच एका सुतारानं सरांच्या बोटांना धरता याव्यात अशा घडवून दिल्या होत्या.

“बोला,” सर म्हणाले.

वाटेत जुळवलेलं सगळं मी विसरलो. “सर, डाव सोडला तर कार्डं बंद होतील असं वाटलं,” मी म्हणालो. “तुम्हाला इथे… म्हणजे, निदान कार्ड तरी…”

मागाचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

“इथं लोक येतेत,” ते म्हणाले. “कधी फळं आणतेत, कधी चादरी. चांगले लोक हायेत. मी बोललो का हो हो म्हणतेत. चुकीचं बोललो तरी हो हो. तुम्ही दोन महिने तेच करून राह्यले. पटावर माणूस नाई माह्यासमोर. कीव बसली हाये.”

मी खाली बघत होतो.

“आता सुरुवात मीच केली म्हणा,” ते हळू आवाजात म्हणाले. “खेळी परत घ्या म्हणून मी लिहिलं. ते नाई लिहाले पायजे होतं. लिहिल्यावर मले चार दिवस झोप नाई. तुम्ही नाई घेतली परत, ते बरं केलं.” मग त्यांनी उजवा हात पुढे केला, अंगठा आणि तळव्याच्या मध्ये वजीर धरला आणि तीन घरं पुढे नेऊन ठेवला. “ही माही खेळी. आता तुमची.”

मी पट बघितला. माझ्या हत्तीला त्यांचं एक प्यादं फुकट मिळत होतं. शाळेत असतो तर विचार न करता मारलं असतं. पण मारायचं म्हणजे त्यांचं प्यादं उचलायचं. त्यांच्या हातातलं, रोजचं. माझ्या सोंगट्यासुद्धा त्यांच्याच होत्या, तेही मला आत्ता सुचलं. हात मांडीवरून उठेना. खिशात बायकोनं दिलेला रुमाल होता. मी त्याच्याकडे हात नेला आणि थांबलो.

“विचार करून राह्यले का भिऊन राह्यले?” सरांनी विचारलं.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात उदाहरण चुकलेल्या पोराला विचारावं तसं विचारलं.

“भिऊन,” मी म्हणालो. “सर, मी डाव सोडतो.”

“नाई,” सर म्हणाले. “हा मी घेत नाई. कीव करून चालवलेला डाव मले नको, आणि भिऊन सोडलेलाही नको. उचलाचं तर उचला ते प्यादं. नाई तर उठा, जा घरी, माहा राग नाई. पण पट पाहून सोडाचा असंन तरच सोडा.”

किती वेळ गेला कोण जाणे. वाफ्यातल्या त्या माणसानं विहिरीवरून एक बादली भरून नेली, पुन्हा आला, दुसरी भरली. मी रुमाल आत ढकलला आणि प्यादं उचललं. लाकूड उन्हानं कोमट झालं होतं. त्याच्या मानेशी बोटांच्या घासण्यानं गुळगुळीत खाच पडली होती. ते मी बाकाच्या कडेला ठेवलं आणि माझा हत्ती त्याच्या घरात नेला.

आणि मग मी पट पाहिला. वजीर गेल्यापासून मी तो पाहिलाच नव्हता. रोज त्याच्यावरचं फडकं काढत होतो, सोंगटी सरकवत होतो, पण बघत होतो ती सरांची एकटी संध्याकाळ. आता तिथे फक्त सोंगट्या होत्या. त्यांचा हत्ती मागच्या रांगेत शह देणार, माझा राजा कोपऱ्यात जाणार, आणि त्यांचा वजीर मात करणार. मी हत्ती मागे ठेवला असता तर दोन-चार खेळ्या उशिरा, पण तेच. मी प्यादी मोजली, उंटाची वाट बघितली, माझ्या राजाला निसटायला घर आहे का ते शोधलं. नव्हतं. हे सगळं मला माघ महिन्यातच दिसायला हवं होतं.

“सर,” मी म्हणालो, “हत्तीनं शह आणि वजिरानं मात.”

“हाव.”

“दुसरीकडून काही नाही. उंट पोचत नाही.”

“नाई पोचत. मी पण पाह्यलं.”

मी माझा राजा दोन बोटांत धरून आडवा केला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “आता घेतला,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याची कातडी ताठ झाली होती, त्यामुळे हसू नीट उमटत नव्हतं, पण ते हसत होते असं मला वाटतं. मग ते दोन्ही हातांनी सोंगट्या नव्यानं मांडू लागले. मी माझ्या बाजूच्या मांडल्या.

“पुढच्या डावाले पांढऱ्या तुमच्या,” सर म्हणाले. “पहिली खेळी घरी जाऊन, पट पाहून लिहा. घाईत नोका लिहू.”

डाव सोडला की दुसरा डाव मांडता येतो, ही साधी गोष्ट दोन महिन्यांत माझ्या डोक्यात आली नव्हती. शाळेत आम्ही रोज तेच करत होतो.

मी निघालो. वसाहतीच्या कुंपणाबाहेर शेतातली एक विहीर होती. मागे वळून पाहिलं, वऱ्हांडा दिसत नव्हता. मी तिथे थांबून हात धुतले. थोडं पुढे गेलो, परत आलो आणि मातीनं घासून पुन्हा धुतले. त्या दुसऱ्या वेळची लाज मला फाट्यापर्यंत पुरली. घरी न्हाणीतल्या हंड्यानं आंघोळ केली. आईनं ताट वाढलं.

पहिल्या खेळीसोबत मी दोन गोष्टी लिहिल्या. एक, खुर्ची आणि पट जाळले तेव्हा मी वऱ्हांड्यात उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही. दुसरी, त्या दिवशी विहिरीवर मी दोनदा हात धुतले. कार्डावर जागा पुरेना म्हणून पत्त्याच्या कडेनं लिहिलं. पोस्टमननं वाचलं असेल तर वाचलं असेल.

उत्तर आलं. “पट जुना झाला होता. हात धुतले ते योग्य केले, येथे आम्ही सर्वच वारंवार धुतो. घोड्याची खेळी मात्र पुन्हा पाहावी. आपण लिहिलेल्या घरात आपलेच प्यादे आहे.”

चैत्रात मला मुलगी झाली. ते कळवलं तेव्हा त्यांनी खेळीच पाठवली नाही, नुसते आशीर्वाद पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी खेळीचं कार्ड वेगळं आलं. नंतरची तीन वर्षं आम्ही खेळलो. महिना-दोन महिन्यांनी मी रविवारी जाऊन येत असे. मी बरेचदा हरलो, काही वेळा जिंकलो. कार्डावर ‘डाव सोडला’ असं लिहिताना मला पुन्हा कधी अडखळायला झालं नाही. सरांनीही दोनदा लिहिलं, एकदा हत्ती गेल्यावर लगेच, आणि एकदा पंधरा दिवस विचार करून.

आई बदलली नाही. तिनं त्या वसाहतीचं नाव घेतलं नाही आणि रविवारचा पाण्याचा हंडा भरायचं सोडलं नाही. मीही तिच्याशी वाद घातला नाही. ती काही वाईट बाई नव्हती.

गोळ्यांनी सरांचा रोग आटोक्यात आला. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना लिहून दिलं की आता यांच्यापासून कोणाला धोका नाही. तो कागद घेऊन ते जाम गावाच्या बाजूला, आपल्या भावाच्या गावी गेले. भावानं त्यांना गोठ्यालगतच्या खोलीत ठेवलं, प्रेमानंच ठेवलं असावं, पण जेवण उंबऱ्याबाहेर ठेवत. सहा दिवसांनी सर वसाहतीत परत आले. मी भेटायला गेलो तेव्हा त्याबद्दल एवढंच म्हणाले की तिथली पोरं त्यांच्याजवळ येत नव्हती आणि इथल्या पोरांचे अपूर्णांक राहिले आहेत.

त्या दिवशी आम्ही खेळलो नाही. पडवीत त्यांचा वर्ग भरला होता, सात-आठ मुलं, काहींच्या हाताला पट्ट्या. सर फळ्यावर भाकरीचे तुकडे काढून दाखवत होते आणि एक मुलगी त्यांना हटकत होती की तुमचे तुकडे सारखे नाहीत. सरांनी मागे होऊन फळा पाहिला. “खरं हाये,” ते म्हणाले, आणि सगळं पुसून नव्यानं काढायला लागले.